पोरांना ‘शार्क’ माहीत, पण मोरी ओळखता येत नाही! समुद्रातले जीव मुलांना शिकवायचे कसे?

बाजाराच्या टोपलीपासून कासवाच्या घरट्यापर्यंत, पालक आणि शिक्षकांसाठी उपयोगी माहिती

कुडाळ : मोबाइलवरचं शार्कचं इंग्रजी गाणं आजकाल तीन वर्षांच्या पोराला तोंडपाठ असतं. तेच पोर आईसोबत आठवडा बाजारात जातं, मासेवालीच्या टोपलीत पडलेली मोरी बघतं आणि विचारतं, “ह्यो मासो कसलो?” मोरी म्हणजेच शार्क, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. बऱ्याचदा विचारणाऱ्या आईबापालाही ते ठाऊक नसतं.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ला हे तीन तालुके थेट समुद्राला लागून आहेत. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, दोडामार्ग, वैभववाडीत समुद्र दिसत नसला तरी मासळी रोज पोहोचते. म्हणजे शिकवण्याचं सामान दारात येतं, फक्त ते शिकवायचं कसं एवढंच ठरवायचं आहे.

हे शिकवायचं कशासाठी?

पहिलं कारण जिवाचं. रापण ओढली की जाळ्यात बांगडे येतात, तसे वागळी, शिंगाळे, जेलीफिश आणि कधीकधी समुद्री सापही येतात. मासळी वेचायला सगळ्यात पुढे धावतात ती पोरं. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यांना आधी माहीत हवं.

दुसरं कारण पोटाचं. आज जो मुलगा सातवीत आहे तो उद्या होडीवर जाईल, मासे विकेल, पर्यटकांना समुद्र दाखवेल किंवा निदान मासे विकत घेईल. लहान मासा मारला की उद्याचा मोठा मासा जातो, हे त्याला आजच कळलं तर फायदा त्याचाच आहे.

तिसरं कारण भाषेचं. मुडदुशी, पेडवे, लेपो, तांबोशी ही नावं जुन्या माणसांना झोपेतही येतात. पोरांना ‘फिश’ एवढंच येतं. नाव गेलं की ओळख जाते.

पहिला धडा स्वयंपाकघरात

मासळी साफ करताना मुलांना लांब पिटाळू नका, पाटाशेजारी बसवा. एका बांगड्यावर अर्ध्या तासाचा वर्ग होतो.

आधी रंग दाखवा. बांगड्याची पाठ काळपट निळी-हिरवी आणि पोट चंदेरी असतं. असं का? वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ समुद्राच्या रंगात मिसळलेली दिसते. खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला चंदेरी पोट उजेडात मिसळलेलं दिसतं. दोन्हीकडून लपायची सोय.

मग कल्ला उघडून दाखवा. आतले लाल पदर म्हणजे माशाची फुप्फुसं समजा. मासा तोंडातून पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून जातं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात उतरतो आणि पाणी बाहेर पडतं. तो पदर लाल का? कारण त्यात रक्त खेळतं. ताज्या माशाचा कल्ला लालभडक आणि शिळ्याचा फिका तपकिरी का असतो, तेही इथेच कळतं. असं शिकलेलं पोर बाजारात फसत नाही.

मग पर मोजायला लावा. शेपटीने मासा पुढे जातो, बाजूच्या परांनी वळतो आणि थांबतो, पाठीच्या आणि पोटाखालच्या परांनी तोल सांभाळतो. होडीचं वल्हं आणि सुकाणू बघितलेल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

घरात लेपो आला तर सोन्याहून पिवळं. त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा तळाच्या वाळूत आडवा पडून राहायला लागतो. खालच्या बाजूला डोळा ठेवून वाळूत करायचं काय? हा प्रश्न मुलांना विचारा, उत्तर तीच देतात.

मोरी आणली असेल तर तिचं हाड शोधायला सांगा. सापडणार नाही. मोरी आणि वागळी यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तसल्या लवचीक कुरकुरीत पदार्थाचा. बांगड्याच्या कल्ल्यावर झाकण असतं, मोरीला मात्र बाजूला उघड्या चिरा दिसतात. मोरीच्या अनेक जाती अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, तीही मोजकीच. म्हणून मोरी जास्त मारली तर तिची संख्या भरून यायला फार वेळ लागतो.

कोण मासा, कोण मासा नाही?

हा खेळ पहिली ते चौथीच्या मुलांना फार आवडतो. नावं सांगायची आणि ‘मासा’ की ‘मासा नाही’ ते ओरडून सांगायचं. यात मोठी माणसंही चुकतात.

- कोळंबी (सुंगटं), कुर्ली, शेवंड : मासा नाही. यांना पाठीचा कणाच नाही, कवच बाहेर असतं. अंग वाढलं की जुनं कवच टाकून नवं येतं.
- शिवल्या, खुबे, कालवं : मासा नाही. मऊ अंगाचे शिंपल्यातले जीव. पाणी गाळून त्यातलं बारीक अन्न खातात. म्हणूनच घाण पाण्यातली कालवं खाऊ नयेत.
- म्हाकुल : मासा नाही, शिंपल्यांचाच नातेवाईक. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर असतं. घाबरला की शाई सोडून पळतो.
- तारामासा : नावात मासा, पण मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, पर नाहीत.
- जेलीफिश : नावात फिश, पण मासा नाही. हाड नाही, मेंदू नाही, हृदय नाही. अंगात बहुतेक पाणीच.
- देवमासा आणि डॉल्फिन : नाव काहीही असो, मासा नाही. आपल्यासारखे सस्तन प्राणी. पिल्लांना दूध पाजतात, श्वास घ्यायला पाण्यावर येतात.
- कासव आणि समुद्री साप : सरपटणारे प्राणी. दोघांनाही श्वासासाठी वर यावं लागतं.
- मोरी, वागळी : हे मासेच. फक्त हाडाऐवजी कूर्चा.

देवमासा आणि मासा यातला फरक शेपटीवरून सांगता येतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिन, देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. मालवण किंवा देवगडच्या समुद्रात डॉल्फिन दिसले की मुलांना आधी शेपटीकडे बघायला सांगा.

नावांची वही करा

एकाच माशाला चार गावांत चार नावं असतात. सुरमई म्हणजे आपली इसवण. वागळीला रत्नागिरीपासून वर पाकट म्हणतात. मुलांनी एक वही करावी. एका पानावर एक मासा. त्याचं चित्र, घरातलं नाव, बाजारातलं नाव, पुस्तकातलं नाव, तो कधी मिळतो, काटे कसे असतात, आजीने सांगितलेली एखादी गोष्ट. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल. मोबाइलवरून उतरवलेल्या चित्रापेक्षा समोर ताटलीत मासा ठेवून काढलेलं चित्र जास्त लक्षात राहतं.

घाटाजवळच्या गावांत ताजी मासळी रोज मिळत नाही. तिथे सुक्या मासळीवर हाच वर्ग घेता येतो. पावसाळ्याआधी सुकी सुंगटं, बांगडे, बोंबील घरात भरले जातात, तेव्हा ते निवडताना मुलांना सोबत बसवा. सुक्या सुंगटाचे पाय आणि मिशा मोजता येतात, बोंबलाचा जबडा आणि बारीक दात उघडून बघता येतात.

पुळणीवर जाताना आधी भरती-ओहोटी

समुद्र शिकवायचा तर कधीतरी पुळणीवर जावंच लागतं. पण आधी भरतीची वेळ बघायची, मग घर सोडायचं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते. रोज ती वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी असतो.

खडपातले जीव बघायचे तर ओहोटीच्या वेळी जावं. खळग्यांत साचलेल्या पाण्यात छोटे मासे, शंखातले खेकडे, समुद्रफुलं दिसतात. नियम मात्र पक्के ठेवा. एका मोठ्या माणसासोबत मोजकीच मुलं. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. शेवाळ असलेल्या दगडावर पाय नाही. पाणी फिरलं की वर यायचं, “अजून पाच मिनिटं” चालणार नाही. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, कारण त्याखाली कोणाचं तरी घर असतं. पावसाळ्यात खडपात आणि पाण्यात मुलांना नेऊच नका.

याला हात लावायचा नाही!

हा भाग मुलांकडून पाठच करून घ्या.

जेलीफिश, ब्लू बॉटल : पावसाळ्याच्या दिवसांत निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात. फुगा समजून पोरं उचलतात. त्याचे लांब निळे धागे मेल्यावरही डसतात. डसल्यास चोळू नये, गोडं पाणी टाकू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावं, चिकटलेले धागे काडीने किंवा चिमट्याने काढावेत. त्यानंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग सुमारे २० मिनिटं ठेवला तर दुखणं कमी होतं. श्वास लागला, चेहरा सुजला, उलटी झाली तर थेट दवाखाना.

वागळी : शेपटीच्या मुळाशी विषारी काटा असतो. ती वाळूत लपून बसते, पाय पडला की काटा मारते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाललं तर ती आधीच निघून जाते.

शिंगाळा : पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. मेलेल्या माशाचाही काटा लागू शकतो. वागळी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावं. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. काटा छातीत किंवा पोटात घुसला असेल तर तो ओढून काढू नये, तसंच रुग्णालयात न्यावं.

समुद्री साप : शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. जाळ्यात अर्धमेला दिसला तरी हात लावू नये, काठीनेही खेळू नये. चावल्यावर सुरुवातीला फार दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच घात होतो. चावल्याची शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावं, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

केंड : धोका वाटला की फुग्यासारखा फुगणारा मासा. पोरांना त्याची गंमत वाटते. पण त्याच्या अंगात भयंकर विष असतं, शिजवलं तरी ते जात नाही. खायचा तर नाहीच, खेळायलाही घ्यायचा नाही.

शंकूच्या आकाराचा जिवंत शंख : रिकामा शंख आणि आत जीव असलेला शंख यात फरक आहे. शंकूसारख्या काही शंखांतला जीव विषारी दात मारतो. आत जीव दिसला की शंख खाली ठेवायचा.

कासवाची गोष्ट मुलं विसरत नाहीत

ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेंगुर्ल्यातलं वायंगणी, देवगडमधलं तांबळडेग इथे घरटी आढळतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. पूर्वी जिथे अंडी चोरली आणि खाल्ली जायची, तिथे गावकरीच राखणदार झाले आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक यायला लागले.

मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा बघायलाही येत नाही. दीड-दोन महिन्यांनी वाळूच्या उबेने पिल्लं बाहेर येतात. जास्त तापलेल्या वाळूत माद्या जास्त होतात, थोड्या थंड वाळूत नर जास्त. उन्हाळा वाढत गेला तर काय होईल, यावर आठवीच्या वर्गात छान चर्चा होऊ शकते.

पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. पूर्वी रात्री सगळ्यात जास्त उजेड समुद्रावर असायचा. आता किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे पिल्लं चुकून उलट्या दिशेने जातात. म्हणून घरट्याजवळ बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश नको. पिल्लू हातात घेऊन सेल्फी नको. आणि पुळणीवर टाकलेली पांढरी पिशवी पाण्यात जेलीफिशसारखी दिसते, कासव ती गिळतं, हे सांगितल्यावर पोर स्वतःच पिशवी उचलायला लागतं.

कासव किती लांब जातं? जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं, त्यातल्या वेळासच्या मादीचं नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. ओडिशात २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेलं एक कासव २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडलं. भारताचा नकाशा समोर ठेवून पोरांना हा रस्ता बोटाने काढायला लावा. भूगोलाचा तास तिथेच होतो.

पट्टी घ्या आणि मासा मोजा

सगळ्यात महत्त्वाचा धडा कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीने शिकवता येतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी हा आकार १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे पट्टीपेक्षा जरासा कमी. सुरमईसाठी ३७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच पट्ट्या. त्याच वर्षी पापलेट हा राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला.

मुलांना विचारा, एकदाही अंडी न घातलेला मासा मारला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? शेतकऱ्याच्या घरात याचं उत्तर सोपं आहे. बियाण्याचं भात खाऊन टाकलं तर पेरायचं काय? १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते त्यामागेही हेच आहे. या काळात समुद्र खवळलेला असतो म्हणून माणसांचा जीव वाचतो, आणि अनेक जातींचा हा अंडी घालण्याचा काळ म्हणून माशांचं बी वाचतं.

शिंगाळ्याची गोष्ट इथे जरूर सांगा. त्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरून राखतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत जवळपास उपाशी राहतो. असे नर एकदम जाळ्यात सापडले की बाप आणि पिल्लं दोन्ही जातात.

खाडीकडेही न्या. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात जन्मतात, पिल्लं वाढायला खाडीत येतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. तिवरांच्या मुळांत त्यांना आसरा आणि खाणं मिळतं. तिवरं तोडली की सुंगटांची अंगणवाडीच बंद होते.

कोणत्या वयाला काय?

अंगणवाडीच्या मुलांना नाव, रंग आणि ‘हात लावायचा नाही’ एवढं पुरे. पहिली ते चौथीला मासा की मासा नाही हा खेळ आणि नावांची वही. पाचवी ते सातवीला कल्ले, पर, अन्नसाखळी, भरती-ओहोटी. आठवीपासून पुढे किमान आकार, मासेमारी बंदी, कायदा, तापमान आणि किनाऱ्यावरचे रोजगार.

शाळेची सहल काढायची तर रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी त्यात येतं. स्नॉर्कलिंग करताना प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुकडा तोडायचा नाही. तो दगड नसून जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही.

पालकांनी हे लिहून ठेवावं

समुद्री कासव, डॉल्फिन, देवमासा, व्हेल शार्क, समुद्रघोडा, प्रवाळ यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. असा प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळं कापून सोडावा लागला तर मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची राज्याची योजना २०१८ पासून आहे, कमाल २५ हजार रुपयांपर्यंत. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवावा आणि वनविभाग किंवा मत्स्यविभागाच्या कार्यालयात अर्ज करावा.

किनाऱ्यावर जखमी किंवा वाहून आलेलं कासव, डॉल्फिन दिसलं तर गर्दी करू नका, ओढत पाण्यात ढकलू नका. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. कोणाला काही चावलं किंवा डसलं आणि त्रास वाढत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आणि पुढच्या बाजारादिवशी मासळी घ्यायला जाताना पोराला सोबत न्या, पट्टी खिशात ठेवून.